पट्टीकामासाठी टेबल सॉ घेताना: कोथरूडच्या एका फ्लॅटचं प्रकरण

काम कोथरूडमधल्या जुन्या इमारतीतल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. सुतारकाम काका-पुतण्याच्या जोडीकडे, देखरेख आणि हिशेब माझ्याकडे. घरातल्या ताईंनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी स्पष्ट केल्या: जुन्या सागवानी चौकटी काढायच्या नाहीत आणि शटरच्या, म्हणजे कपाटांच्या दारांच्या, कडांना पीव्हीसीची टेप लावायची नाही. म्हणजे पाच दरवाजांना दोन्ही बाजूंनी सागवानी पट्टी, दोन बेडरूमना लाकडी स्कर्टिंग, आणि स्वयंपाकघर व कपाटं मिळून सगळ्या शटरना खऱ्या सागवानाची लिपिंग, म्हणजे कडेला लावायची बारीक पट्टी.

पुतण्याचं म्हणणं, आता टेबल सॉ, म्हणजे टेबलाच्या फटीतून ब्लेड वर येणारी विजेची करवत, घेऊनच टाकू. काकांचं म्हणणं, कटर आहे की! पैसे काकांचेच जाणार होते, त्यामुळे त्यांचा शब्द वजनदार. शेवटी ते म्हणाले, "तीस हजारांच्या वर एक रुपया नाही. त्यात ब्लेड, वायर, काय ते सगळं आलं पाहिजे."

या आकड्यात काय घेतलं, का घेतलं आणि काय नाकारलं, ते पुढे लिहितो.

आधी काम मोजलं

यंत्राच्या जाहिराती बघण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. सात फुटी दरवाजाला एका बाजूने सात, सात आणि वरची तीन अशी सतरा फूट पट्टी. दोन्ही बाजूंनी चौतीस, पाच दरवाजांची 170 फूट. स्वयंपाकघरातली वीस शटर्स साधारण दोन बाय अडीच फुटांची, प्रत्येकी नऊ फूट परीघ, म्हणजे 180. कपाटांची सहा उंच शटर्स, प्रत्येकी सतरा फूट, ती 102. दोन खोल्यांचं स्कर्टिंग दरवाजे वगळून 78. एकूण 530 रनिंग फूट.

आता त्याची मापं. चौकटीची पट्टी आणि स्कर्टिंग साधारण तीन इंच रुंद, चार सूत जाड (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). लिपिंग दोन सूत जाड, म्हणजे 6 मिमीच्या आसपास, आणि 19 मिमीच्या प्लायला थोडं जास्त ठेवून 21 मिमी रुंद. सगळ्या यादीत सव्वातीन इंचांपेक्षा रुंद एकही तुकडा नव्हता आणि ब्लेडला एका वेळी इंचाच्या वर जाडी कापायची नव्हती.

या एका ओळीने अर्धा गोंधळ मिटला. टेबल सॉ विकताना दुकानदार दोन आकडे जोरात सांगतो: ब्लेडचा व्यास आणि गाईड, म्हणजे लाकूड टेकवून सरळ ढकलायची भिंत, ब्लेडपासून किती लांब सरकतं. 254 मिमीचं, म्हणजे दहा इंची ब्लेड सरळ उभं असताना साधारण 80 मिमी खोल कापतं. 210 मिमीचं लहान ब्लेडही 65 मिमीच्या आसपास जातं. आम्हाला हवे होते 21. गाईड दोन फूट सरकतं की अडीच फूट, याचं आम्हाला सोयरसुतक नव्हतं. प्लायची शीट काका हातातल्या सर्क्युलर सॉने ॲल्युमिनियमची पट्टी लावून जमिनीवरच कापतात आणि छान कापतात. आठ फुटी शीट लहान टेबल सॉवर ढकलायला जाणं हा तसाही धोक्याचा खेळ आहे.

दुसरं, कोपऱ्यातले पंचेचाळीस अंशाचे काप. त्यासाठी मायटर सॉ, म्हणजे कोनात आडवे काप घेणारी करवत, त्यांच्याकडे आधीपासून होता. पट्टीकाम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कोपऱ्याचे जोड येतात आणि ते टेबल सॉ घ्यायला धावतात. ज्याच्याकडे दोन्ही नाहीत आणि जो पट्ट्या तयार आणतो, त्याने मायटर सॉ आधी घ्यावा असं माझं मत आहे. टेबल सॉ लागतो तो लाकूड लांबीत चिरायला. आमच्या 530 फुटांपैकी प्रत्येक फूट चिरायचा होता.

उलटा कटर

काकांच्या कटरबद्दल दोन शब्द, कारण महाराष्ट्रात बहुतेक साइटवर टेबल सॉशी खरी स्पर्धा त्याचीच असते. मार्बल कापायचा चार इंची कटर, त्याला लाकडाचं दातेरी ब्लेड. प्लायच्या तुकड्याला फट पाडून त्याखाली तो उलटा टांगायचा, बटण तारेने आवळून ठेवायचं आणि एक सरळ रीप दोन्ही टोकांना शिकंजाने धरून गाईड करायचं. खर्च पाच-सहा हजारांच्या आत. स्कूटरवर पायाशी मावतो. या जुगाडाला हसणाऱ्यांनी त्याच्यावर झालेली कामं एकदा बघावीत. काकांनी याच टेबलावर निम्मं आयुष्य काढलंय.

पण त्याचा हिशेब पूर्ण मांडायला हवा. 110 मिमीचा कटर मिनिटाला तेरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. म्हणजे दाताचं टोक सेकंदाला 75 मीटर धावतं, ताशी 270 किलोमीटर. टेबल सॉवरचं दहा इंची ब्लेड 4,300 फेऱ्यांना सेकंदाला 57 मीटर धावतं. दिसायला लहान असलेला कटर जास्त वेगवान, आणि त्याचं कवच काढलेलं. बटण तारेने बांधल्यामुळे हात आत जायला लागला तर यंत्र बंद करायला भिंतीवरचा स्विच गाठावा लागतो. आणि वीज गेली, परत आली, की कटर आपोआप सुरू होतो. त्या वेळी समोर पट्टी अर्धवट अडकलेली असली तर काय होईल, हे साइटवरच्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

कामाच्या बाजूनेही नुकसान आहे. रिपेचं गाईड दोन टोकांना वेगवेगळं आवळलं जातं. त्यामुळे सात फुटी पट्टी एका टोकाला दोन सूत, तर दुसऱ्या टोकाला अडीच सूत निघते. मग काका तीन सुताने चिरतात आणि रंधा मारून दोन सुतावर आणतात. चार इंची फळीतला शेवटचा दीड इंच हाताला धरायला सोडला, तर उरलेल्या 63 मिमीत पाच पट्ट्या निघतात. पट्टी सरळ निघाली असती तर सहा निघाल्या असत्या. सागवानाच्या भावात सहावी पट्टी स्वस्त नाही, आणि रंध्याचा वेळ कुणी बिलात लावू देत नाही.

बाकीचे पर्याय

तयार पट्टी आणण्याचा विचार प्रामाणिकपणे केला. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये स्टीम बीचची आणि सागवानाची पट्टी रनिंग फुटावर मिळते. स्कर्टिंगपुरती ती चालली असती. पण जुन्या इमारतीचा गिलावा कुठेच ओळंब्यात नव्हता. एकाच चौकटीला एका बाजूने अडीच इंच पट्टी पुरत होती आणि दुसऱ्या बाजूने सव्वातीन इंच लागत होती. तयार पट्टी तिथे फट ठेवणार, आणि ती फट पुट्टीने भरलेली त्या ताईंच्या नजरेतून सुटणार नव्हती. मार्केटमधल्या बँडसॉवरून फळी चिरून आणता येते, पण तिला रंधा मारावाच लागतो आणि साइटवर एक पट्टी कमी पडली की पुन्हा पेठेत फेरी.

नव्या यंत्रांमध्ये दोन थर दिसले. बॉश, डीवॉल्ट, मकिता अशा कंपन्यांची 254 मिमी ब्लेडची, पंधराशे ते अठराशे वॅटची यंत्रं आमच्या आकड्याच्या वर जात होती. खालच्या थरात त्याच वॅटेजची, त्याच ब्लेडची, दिसायलाही तशीच यंत्रं वीस-बावीस हजारांत होती. पुतण्या या दुसऱ्या थरावर लट्टू झाला होता. कागदावर सगळं सारखंच होतं ना!

अंगाला ब्लेड लागताच ते जागच्या जागी थांबवणाऱ्या यंत्राचाही त्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. ती कल्पना अमेरिकेत स्टीव्ह गास यांनी 1999 मध्ये मांडली आणि सॉस्टॉप नावाने 2004 पासून अशी यंत्रं तिथे विकली जाऊ लागली. माणसाच्या अंगातून होणारा विद्युत बदल ओळखून ॲल्युमिनियमचा ठोकळा ब्लेडमध्ये घुसवला जातो. ठोकळा आणि ब्लेड दोन्ही वाया जातात, बोट वाचतं. विलक्षण गोष्ट आहे, पण आमच्या तीस हजारांत बसणारी नव्हती. त्यामुळे बोटं वाचवायची जबाबदारी साध्या साधनांवर आणि सवयींवर होती.

बोहरी आळीतली परीक्षा

रविवार पेठेत बोहरी आळीत दुकानात गेलो तेव्हा सोबत तीन गोष्टी नेल्या: स्टीलची पट्टी, व्हर्नियर (बारीक माप घेणारं साधन) आणि मार्कर. दुकानदार वॅट आणि वॉरंटी सांगत होता. आम्ही त्याला यंत्र फक्त टेबलावर ठेवायला सांगितलं.

टेबल सॉचं गाईड म्हणजे ब्लेडच्या उजव्या बाजूला समांतर उभी राहणारी ती ॲल्युमिनियमची भिंत. पट्टी सरळ निघेल की नाही हे मोटर ठरवत नाही, ही भिंत ठरवते. ती तपासायची रीत सोपी आहे. प्लग काढून ठेवायचा. ब्लेड पूर्ण वर घ्यायचं. एका दातावर मार्करने खूण करायची. गाईड तीन इंचांवर आवळायचं. खुणेचा दात पुढे आणून गाईडपर्यंतचं अंतर मोजायचं, मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्यायचा आणि पुन्हा मोजायचं. तोच दात घ्यायचा कारण ब्लेड किंचित वाकडं असलं तरी मापात चूक येत नाही. मग गाईड सोडायचं, सरकवायचं, परत तीन इंचांवर आणून आवळायचं आणि सगळं पुन्हा.

स्वस्त यंत्रावर पहिल्यांदा माप बरं आलं. दुसऱ्यांदा आवळताना मागचं टोक जवळजवळ एक मिलिमीटर ब्लेडकडे सरकलं. तिसऱ्यांदा उलट दिशेला गेलं. खटका दाबताना ती भिंत डोळ्यांनी हलताना दिसत होती. दुकानदार म्हणाला, "अहो, एवढंसं चालतं. लाकूड आहे, सोनं नाही."

मागचं टोक ब्लेडकडे झुकणं हा नुसता मापाचा प्रश्न नाही. ब्लेडचे पुढचे दात वरून खाली येतात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागचे दात मात्र खालून वर उठतात. गाईड मागे ब्लेडकडे झुकलेलं असलं की लाकूड त्या उठणाऱ्या दातांवर रेटलं जातं, ते त्याला उचलतात आणि ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने तुमच्याच पोटाकडे फेकतात. याला किकबॅक म्हणतात. म्हणून गाईड चुकायचंच असेल, तर मागे केसभर उघडं असलेलं परवडतं, आत झुकलेलं परवडत नाही. प्रत्येक वेळी वेगळीकडे जाणारं गाईड तर अजिबात नको, कारण ते जुळवून घेता येत नाही.

महागड्या यंत्रांपैकी एकाचं गाईड दातेरी पट्टीवर चाक फिरवून सरकत होतं. पुढचं आणि मागचं टोक एकाच दांड्याने बांधलेलं, त्यामुळे ते जिथे नेऊ तिथे समांतरच राहत होतं. वारंवार आवळूनही फरक व्हर्नियरवर जेमतेम दिसण्याइतका. काकांनी स्वतः चाक फिरवून पाहिलं आणि पहिल्यांदाच यंत्रात रस घेतला.

बाकीच्या तपासण्या भराभर झाल्या. ब्लेडच्या मागे उभी राहणारी आणि त्याच्याबरोबर वरखाली होणारी पोलादी पाती, म्हणजे रायव्हिंग नाइफ, दोन्हीकडे होती. चिरलेलं लाकूड मागे मिटून ब्लेड आवळू नये म्हणून ती असते. सागवानाची फळी चिरताना आतला ताण सुटतो आणि फट मिटू पाहते, तेव्हा तिची किंमत कळते. टेबलावर स्टीलची पट्टी आडवी, उभी आणि तिरपी धरून उजेड दिसतो का ते पाहिलं. मग एक परीक्षा दुकानदाराला विचारून केली: यंत्र चालू करायचं, भिंतीवरचा स्विच बंद करायचा आणि पुन्हा चालू करायचा. चांगलं यंत्र गप्प राहतं, त्याचं स्वतःचं हिरवं बटण पुन्हा दाबेपर्यंत फिरत नाही. आपल्याकडे वीज जशी येते-जाते, ते पाहता मी या परीक्षेत नापास झालेलं यंत्र फुकट दिलं तरी घेणार नाही.

जुनं घेतलं

हवं ते गाईड होतं, पैसे नव्हते. मग पुतण्याने ओळखीतून शोध घेतला. प्रदर्शनांचे स्टॉल उभारणाऱ्या एकाकडे त्याच गाईडचं, तशाच बनावटीचं यंत्र विकायला होतं. दोनेक वर्षं वापरलेलं.

नव्या स्वस्तापेक्षा जुनं चांगलं घ्यावं का, यावर काका-पुतण्यांत वाद झाला. पुतण्याला वॉरंटी हवी होती. माझं मत असं की वॉरंटी मोटरला असते. गाईड डगमगतं म्हणून कुणी यंत्र बदलून देत नाही. आणि या यंत्रांतली मोटर कार्बन ब्रशवाली असते, ब्रश झिजले की थोडक्या पैशांत नवे बसतात. गाईड आणि टेबल मुळातच कच्चं असेल तर त्याला औषध नाही.

जुन्या यंत्रात वेगळ्या गोष्टी बघायच्या असतात. ब्लेड काढून धुरा बोटांनी वरखाली हलवून पाहिला, खेळ नव्हता. प्लग काढलेला असताना ब्लेड हाताने फिरवलं, तर बेअरिंगची खरखर नव्हती. चालू केल्यावर ब्रशजवळ निळसर बारीक ठिणग्या दिसल्या, त्या चालतात. पिवळ्या ज्वाळेसारख्या दिसल्या असत्या तर उठून आलो असतो. ब्लेड वरखाली करण्याचं चाक भुशाने जाम झालं होतं, ते ब्रशने साफ करून निघणारं दुखणं. रायव्हिंग नाइफ सरळ होती. ब्लेडवरचं पारदर्शक कवच मात्र हरवलेलं. विकणारा म्हणाला, "ते कोण लावतं?"

त्याच कवचावर आम्ही भाव पाडला. साडेबावीस हजारांत यंत्र घडीच्या स्टँडसह ठरलं. कंपनीच्या पुण्यातल्या सुट्या भागांच्या विक्रेत्याकडे कवच मागवलं, त्याला थोडा वेळ लागला. तोवर यंत्र घडी घालून बाल्कनीत पडून होतं. काका रोज विचारायचे, "चालवू का?" कवच येईपर्यंत स्कर्टिंगची मापं घेणं आणि शटरचे प्लाय कापणं उरकलं. मला यावर वाद घालायचा नव्हता. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार तिथे टेबल सॉमुळे दरवर्षी बोटं तुटण्याचे चार हजारांच्या आसपास प्रकार होतात. तिथे नव्या यंत्राबरोबर कवच येतंच, तरीही.

ब्लेड, वीज आणि जागा

यंत्राबरोबर आलेलं 24 दातांचं ब्लेड बोथट होतं. नवं 40 दातांचं कार्बाइड टोकांचं घेतलं. साठ दातांचं आडव्या कापाला आणि लॅमिनेटला गुळगुळीत चालतं, पण जाड लाकूड लांबीत चिरताना भुसा बाहेर पडायला जागा नसते आणि लाकूड करपतं. सागवानात सिलिका असते, त्यामुळे साधं पोलादी ब्लेड त्यावर फार टिकत नाही.

ब्लेड घेताना दोन मापं बघावी लागतात आणि दुकानात कुणी ती आपणहून सांगत नाही. मधलं भोक 25.4 मिमी आहे की 30 मिमी, हे एक. आणि रायव्हिंग नाइफवर कोरलेली जाडी, हे दुसरं. ब्लेडची पत्रा-जाडी त्या पातीपेक्षा कमी आणि दातांनी पडणारी चीर पातीपेक्षा जास्त हवी. आमची पाती 2 मिमीची, ब्लेडचा पत्रा 1.8 आणि चीर 2.6. चीर पातीपेक्षा बारीक असलेलं ब्लेड लावलं असतं तर लाकूड पातीवर जाऊन अडकलं असतं, आणि मग माणूस वैतागून पातीच काढून टाकतो.

वीज: 1,800 वॅट भागिले 230 व्होल्ट, म्हणजे पावणेआठ अँपिअर. हॉलमधला टीव्हीजवळचा सहा अँपिअरचा सॉकेट त्यासाठी नाही आणि तीनशे रुपयांचा एक्स्टेन्शन बोर्ड तर नाहीच. स्वयंपाकघरातल्या सोळा अँपिअरच्या पॉइंटवरून अडीच चौरस मिमीची तीन तारांची वायर ओढली. बारीक वायरने व्होल्टेज पडतं, मोटर दमते, गरम होते आणि लोक म्हणतात यंत्र खराब निघालं.

जागेचा प्रश्न सगळ्यात गमतीचा होता. सात फुटी फळी चिरायची तर ब्लेडच्या पुढे सात आणि मागे सात फूट मोकळे हवेत. बेडरूम अकरा फुटांची. गच्चीला सोसायटीने नकार दिला. शेवटी यंत्र हॉलमध्ये असं तिरपं लावलं की फळी पॅसेजमधून आत येते आणि चिरलेली पट्टी बाल्कनीच्या दारातून बाहेर जाते. मागे टेबलाच्या उंचीला रोलर स्टँड. तो नसेल तर पट्टीचं टोक खाली झुकतं, मागचं टोक ब्लेडवरून उचलतं आणि तुम्ही नकळत हाताने दाबायला जाता. आवाजासाठी सोसायटीने ठरवलेल्या वेळातच यंत्र चालवलं. लाकडाची धूळ 1995 पासून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांमध्ये आहे, हे काकांना सांगितलं. ते हसले, पण मास्क लावला. हातमोजे मात्र मुद्दाम काढायला लावले; फिरत्या ब्लेडजवळ मोजा अडकला की तो हातच आत ओढतो.

दोन सुताची पट्टी

चौकटीच्या तीन इंची पट्ट्या सरळ सोप्या. खरी कसोटी लिपिंगची. सगळ्यांची पहिली कल्पना अशी असते की गाईड ब्लेडपासून 6 मिमीवर आवळायचं आणि फळी ढकलत राहायचं. तसं केलं की ती बारीक पट्टी ब्लेड आणि गाईडच्या चिमटीत सापडते, कवच गाईडला अडतं, पुश स्टिकला, म्हणजे लाकूड ढकलायच्या काठीलाही, जागा राहत नाही. पट्टी बाणासारखी मागे सुटते.

आम्ही उलट केलं. फळीचा रुंद भाग गाईडकडे, आणि बारीक पट्टी ब्लेडच्या डाव्या बाजूला मोकळी पडेल अशी. डावीकडे टेबलाच्या खाचेत एक लाकडी अडसर बसवला, त्याला एक स्क्रू. स्क्रूचं डोकं ब्लेडच्या डाव्या दातापासून साडेसहा मिमीवर. अर्धा मिमी घासकामाला. हा अडसर ब्लेडच्या पुढे, म्हणजे आपल्या बाजूला राहिला पाहिजे. तो ब्लेडच्या शेजारी गेला तर पट्टी पुन्हा चिमटीत. मग प्रत्येक वेळी फळी गाईडसकट डावीकडे सरकवायची, स्क्रूला टेकली की गाईड आवळायचं, चिरायचं. पुन्हा सोडायचं, सरकवायचं, आवळायचं.

282 फूट लिपिंग, सात फुटांच्या पट्ट्या, थोडी घट धरून पन्नासेक पट्ट्या. म्हणजे गाईड पन्नास वेळा सोडायचं आणि पन्नास वेळा आवळायचं. बोहरी आळीत आम्ही गाईड परत-परत आवळून का पाहत होतो, ते त्या दुकानदाराला इथे आणून दाखवायला हवं होतं. प्रत्येक आवळणीला वेगळीकडे जाणाऱ्या गाईडवर ही पद्धत चालतच नाही, आणि ती चालली नाही की माणूस पुन्हा चिमटीतल्या पद्धतीकडे जातो.

एक अडचण उरली. यंत्राच्या टेबलातली ब्लेडभोवतीची फट रुंद असते आणि सहा मिमीची पट्टी तिथे खाली झुकून ब्लेडच्या दातांवर आपटते, कड चिरफाळते. टेबलावर 4 मिमीचा प्लाय दुतर्फी टेपने आणि गाईडखाली दाबून पक्का धरला, ब्लेड पूर्ण खाली घेतलं, यंत्र चालू करून ब्लेड सावकाश वर आणलं. ब्लेडने आपल्याच मापाची फट पाडली. रायव्हिंग नाइफसाठी मागे जिगसॉने खाच वाढवली.

पहिली पट्टी निघाली तेव्हा काकांनी ती डोळ्यासमोर धरून टोकाकडून टोकाकडे पाहिलं. मग व्हर्नियर मागितला, जो त्यांनी आयुष्यात क्वचितच मागितला असेल. दोन्ही टोकं आणि मध्य, फरक पाव मिमीच्या आत. रंध्याऐवजी घासकाम 120 नंबरच्या पॉलिश पेपरवर उरकलं. गुण्या लावून कड पाहिली, काटकोन होता.

गिलाव्याच्या वाकड्या कडांचं काम मात्र टेबल सॉने सुटलं नाही. तिथे पट्टी सव्वातीन इंच चिरून भिंतीला लावली, पेन्सिलने भिंतीची रेघ पट्टीवर उतरवली आणि जिगसॉ व रंध्यानेच बसवली. ते काकांनी केलं. पुतण्याला ते अजून जमत नाही.

हिशेब आणि मर्यादा

यंत्र साडेबावीस हजार. ब्लेड, कवच, वायर आणि रोलर स्टँड मिळून पुढचे सहा हजार. काकांचा आकडा पाळला गेला आणि दीड हजार उरले. त्यात भुसा ओढणारा व्हॅक्यूम येत नाही, म्हणून यंत्राच्या धूळ-तोंडाला गोणपाटाची पिशवी बांधली. मोठा भुसा तिच्यात जातो, बारीक धूळ घरभर होतेच. पुढच्या कामाच्या पैशातून व्हॅक्यूम घ्यायचा, असं ठरलंय.

हे सगळं अशा कामापुरतं खरं आहे जिथे तुकडे अरुंद, जाडी कमी आणि यंत्र जिन्याने वर न्यावं लागतं. ज्याला रोज प्लायच्या शीट चिरायच्या आहेत, त्याने हा आकडा ट्रॅकवर चालणाऱ्या सर्क्युलर सॉवर लावावा. ज्याची स्वतःची वखार आहे, त्याने लोखंडी टेबलाचं, इंडक्शन मोटरचं जड यंत्र बघावं; ते हलत नाही आणि आवाजही कमी करतं. दोन खोल्यांचं स्कर्टिंग एकदाच करायचं असेल तर टिंबर मार्केटमधली तयार पट्टी आणि भाड्याचा मायटर सॉ पुरे. आणि जुनं यंत्र बघायला जाताना मार्कर न्यायला विसरू नका, विकणाऱ्याकडे तो नसतो.